कोमिकेची जन्मकथा : बत्तीस मंडळांचा बाजार

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. मूळ शोधू जाता पदरी निराशा येण्याचा संभव फार, एवढाच तिचा भावार्थ. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या उपदेशाकडे कानाडोळा करूनच पुढे जावे लागते. संस्थेचे वैभव सर्वांना दिसते; पण ते कोणत्या स्वभावातून उपजले, हे तिच्या मुळाशी गेल्यावाचून उमगत नाही. आम्ही येथे जिची जन्मकथा मांडणार आहोत ती संस्था आपल्या देशातील नाही, आणि तिचा विषयही कित्येक वाचकांना पोरकट वाटण्याजोगा आहे. तथापि ही कथा वाचून झाल्यावर तिचे आपल्याशी काहीच नाते नाही असे कोणी म्हणेल, असे आम्हांस वाटत नाही.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस टोकियो शहरात समुद्राकाठच्या 'बिग साइट' नावाच्या विस्तीर्ण प्रदर्शनगृहात चार दिवस एक मेळावा भरला. चार दिवसांची उपस्थिती चालकांच्या मोजणीप्रमाणे साडेसात लक्ष होती. हा मेळावा कोणा सरकारी खात्याने भरविला नव्हता, कोणा धनाढ्य कंपनीनेही नव्हे. चित्रकथांचे व चित्रपटांचे वेड असलेल्या रसिकांनी तो रसिकांसाठीच भरविला होता, आणि त्याची व्यवस्था पाहणारे हजारो कार्यकर्ते बिनपगारी होते. 'कॉमिक मार्केट' हे त्याचे नाव. जपानी माणूस त्याला लाडाने 'कोमिके' म्हणतो. याच मेळाव्याचा पहिला दिवस उजाडला तो २१ डिसेंबर १९७५ या रविवारी. त्या दिवशी मांडलेली मंडळे होती बत्तीस, आणि आलेली माणसे सुमारे सातशे. साडेसात लक्ष आणि सातशे या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याचे रहस्य त्या पहिल्या वर्षातच शोधले पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम काही शब्दांचा उलगडा करणे इष्ट होईल. जपानी भाषेत चित्रकथेला 'मांगा' म्हणतात आणि हलत्या चित्रांच्या पटाला 'आनिमे'. ही दोन्ही भावंडे एकाच घरात वाढली. तेझुका ओसामु यांनी आपल्याच गाजलेल्या चित्रकथेवरून 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर आणली, आणि तेव्हापासून मांगाचा वाचक तोच आनिमेचा प्रेक्षक होत गेला. तिसरा शब्द 'दोजिन्शी'. 'दोजिन' म्हणजे समान आवडीची माणसे, आणि 'शी' म्हणजे नियतकालिक. प्रकाशकाच्या दारी न जाता समानधर्मी मित्रांनी वर्गणी काढून चालविलेले पत्र, असा याचा अर्थ होय.

हा शब्द चित्रकथेच्या प्रांतात जन्मलेला नाही. तो आला उच्च साहित्याच्या प्रांतातून. १८८५ साली ओझाकी कोयो व त्यांचे तरुण मित्र यांनी 'केन्युशा' नावाचे लेखकमंडळ स्थापून 'गाराकुता बुन्को', म्हणजे अडगळीचे ग्रंथालय, अशा विनयशील नावाचे पत्र काढले. आरंभी ते छापीलही नव्हते. हाताने लिहिलेला अंक सभासदांमध्ये फिरे. अर्वाचीन जपानी साहित्यातील अनेक थोर लेखकांचे पहिले लेखन अशाच मित्रमंडळींच्या पत्रांतून प्रसिद्ध झाले. आपल्याकडे शाळांतून, वाचनालयांतून आणि पुढे परप्रांतीच्या महाराष्ट्र मंडळांतून जी 'हस्तलिखिते' निघत आली, त्यांची ज्यांना आठवण आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच रिवाज मुलांनी उचलला. १९४७ साली निघालेल्या 'मांगा शोनेन' या मासिकात वाचकांनी पाठविलेल्या चित्रांस जागा मिळे, आणि त्या जागेच्या आशेने गावोगावची मुले चित्रे काढू लागली. मियागी प्रांतातील इशिमोरी शोतारो या शाळकरी मुलाने समवयस्कांना जमवून 'बोकुजू इत्तेकी', म्हणजे शाईचा एक थेंब, या नावाचे हस्तलिखित चालविले. त्याची प्रत एकच असे. ती टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाई. हाच मुलगा पुढे इशिनोमोरी या आडनावाने जपानचा अग्रगण्य चित्रकथाकार झाला. एवढ्यावरून दोजिन्शी हे चित्रकथाकारांचे पाळणाघर कसे होते हे ध्यानी येईल.

आता आमच्या कथेच्या मुख्य सूत्राकडे वळू. जानेवारी १९६७ पासून तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेच्या परिवारातून 'कॉम' नावाचे मासिक निघू लागले. तेझुका यांची 'हि नो तोरी', म्हणजे अग्निपक्षी, ही महाकथा त्यात क्रमशः येई. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या मासिकाचे मोठेपण दुसऱ्याच एका सदरात होते. 'गुरा-कोन' असे त्या सदराचे नाव. त्यात होतकरूंच्या चित्रांची परीक्षणे येत, निरनिराळ्या गावच्या दोजिन्शी मंडळांची वृत्ते येत, आणि त्याच्या आधाराने ठिकठिकाणी वाचकांच्या शाखाही निघाल्या. एकांड्या वाचकाला आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हा दिलासा या सदराने दिला. १९७१ च्या अखेरीस 'कॉम' बंद पडले. १९७३ साली त्याचा एक अंक पुन्हा निघाला, पण तो दिवा विझण्यापूर्वीच्या भडक्यासारखा ठरला. मासिक गेले, परंतु त्याने जमविलेली माणसे गेली नाहीत. त्यांना एकमेकांची चव लागली होती, आणि भेटण्याचे ठिकाण मात्र उरले नव्हते.

याच वर्षांत चित्रकथेत एक मोठे परिवर्तन घडत होते, आणि ते मुलींच्या मासिकांत घडत होते. हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको या १९४९ च्या आगेमागे जन्मलेल्या लेखिका-चित्रकारांनी मुलींच्या चित्रकथेला काव्याची आणि मनोविश्लेषणाची खोली आणली. हागिओ यांची 'पो नो इचिझोकु' ही मालिका १९७२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. वयाने मोठ्या आणि अभ्यासू म्हणविणाऱ्या समीक्षकांचे लक्ष तोवर पुरुषांसाठी काढलेल्या गंभीर चित्रकथांकडेच लागलेले होते. शाळकरी मुली जे वाचतात त्यात वाङ्मय असू शकते, ही कल्पना त्यांच्या पचनी पडत नव्हती.

ती कल्पना ज्यांना पटली होती अशा विशीतील काही तरुणांनी १९७५ च्या वसंतात 'मेइक्यू' नावाचे समीक्षामंडळ स्थापन केले. मेइक्यू म्हणजे चक्रव्यूह. हारादा तेरुओ, आनिवा जुन आणि योनेझावा योशिहिरो हे त्यातील प्रमुख. योनेझावा मूळचे क्युशू बेटावरील कुमामोतोचे. टोकियोच्या मेइजी विद्यापीठात शिकावयास आलेले. त्या वर्षी त्यांचे वय बावीस होते. 'मांगा शिनहिह्यो ताइकेइ' या भारदस्त नावाने या मंडळाने आपली दोजिन्शी काढली. तिच्यात कठोर समीक्षा होती, आणि हागिओ यांच्या मालिकेचे 'पोरु नो इचिझोकु' नावाचे विडंबनही होते. समीक्षा आणि विडंबन या दोहोंच्या मुळाशी एकच वृत्ती असते: वाचलेल्यावर प्रेम करावे, परंतु त्यापुढे मान तुकवून बसू नये. आमच्या कथेतील पुढचे सारे नाट्य याच वृत्तीतून निर्माण झाले.

रसिकांचे मेळावे त्या काळी जपानात नवे नव्हते. विज्ञानकथेच्या रसिकांनी शिबानो ताकुमी यांच्या 'उचूजिन' या १९५७ साली निघालेल्या दोजिन्शीभोवती जमून १९६२ साली टोकियोत आपले पहिले संमेलन भरविले होते. त्याच धर्तीवर १९७२ पासून 'निहोन मांगा ताइकाइ', म्हणजे जपानी चित्रकथा संमेलन, भरू लागले. त्याचा थाट कोणत्याही संमेलनाचा असतो तसाच होता. व्यासपीठावर निमंत्रित पाहुणे, समोर खुर्च्यांवर रसिक. पाहुण्यांनी बोलावे, रसिकांनी ऐकावे आणि जमल्यास स्वाक्षरी घ्यावी. दोजिन्शींची विक्रीही तेथे होई, परंतु तो मुख्य कार्यक्रमाच्या कडेचा भाग.

१९७५ साली या संमेलनास येऊ इच्छिणाऱ्या एका वाचक स्त्रीला चालकांनी प्रवेश नाकारला. आधीच्या संमेलनाविषयी तिने टीकात्मक लिहिले होते, हा तिचा अपराध. प्रसंग तसा लहान. संमेलनांच्या इतिहासात असे रुसवेफुगवे पुष्कळ आढळतात, आणि ते बहुधा चहाच्या पेल्यातच विरून जातात. मेइक्यूच्या तरुणांनी मात्र ही गोष्ट तत्त्वाची मानली. रसिकाने टीका केली म्हणून त्याला दाराबाहेर ठेवणारे संमेलन हे रसिकांचे संमेलन म्हणता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी उघड निषेध केला, चालकांना जाब विचारला.

येथवर जे घडले तेही सामान्यच म्हणावे लागेल. निषेध करणारे कोठेही मिळतात. या तरुणांचे वेगळेपण असे की, निषेधापाशी ते थांबले नाहीत. जे संमेलन आपल्याला हवे ते दुसऱ्याकडून मागत बसण्यापेक्षा आपणच उभारावे, असे त्यांनी ठरविले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते उभारून दाखविले. त्याला 'संमेलन' हे नावही त्यांनी दिले नाही. नाव दिले 'बाजार'. या नावातच सारा विचार आला आहे. संमेलनास अध्यक्ष लागतो, पाहुणे लागतात, व्यासपीठ लागते. बाजाराला यांतील काहीच लागत नाही. ज्याच्यापाशी मांडण्याजोगे काही आहे त्याने ते मांडावे, ज्याला हवे त्याने हातात घेऊन पाहावे, दोघांनी समोरासमोर चार शब्द बोलावेत. तोवर दुसऱ्या गावची दोजिन्शी मिळवावयाची म्हणजे टपालाने पैसे पाठवून वाट पाहात बसावे लागे. लिहिणाराचे तोंड वाचणाराला दिसत नसे. बाजाराने ते दर्शन घडविले.

पहिल्या बाजाराची जागा होती टोकियोच्या तोरानोमोन भागातील अग्निशमन संस्थेच्या इमारतीतील सभाकक्ष. सरकारी कचेऱ्यांनी गजबजलेला कासुमिगासेकी हा भाग त्याला अगदी लागून आहे. आठवडाभर जेथून मंत्रालयांतील कारकून आणि अधिकारी ये-जा करीत, त्याच परिसरात त्या रविवारी सातशे तरुण वाचक जमले. हारादा तेरुओ हे या उपक्रमाचे पहिले प्रमुख. आलेल्यांत बहुसंख्या होती शाळकरी मुलींची. मुलींच्या चित्रकथांवर जीव असणाऱ्या, स्वतःही चित्रे काढणाऱ्या. ज्या वाचकवर्गाला समीक्षकांनी हिशेबात धरले नव्हते, तोच वर्ग या नव्या घराचा पहिला रहिवासी झाला. या मेळाव्याचा इतिहास लिहिताना तीन-चार तरुणांची नावे पुढे येतात ते योग्यच आहे. परंतु घर बांधणारांइतकेच ते नांदते करणारांचेही ऋण असते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

या संस्थेचा जो मूलमंत्र पुढे सर्वमुखी झाला तो असा की, येथे 'गिऱ्हाईक' कोणी नाही; येणारा प्रत्येक जण 'सहभागी' आहे. मेज मांडून बसणारे मंडळ, रांगेत उभा राहून आत येणारा वाचक, आणि दोरी धरून रांग लावणारा कार्यकर्ता, हे तिघेही एकाच पंक्तीचे. ख्यातनाम मंडळाला पायघड्या नाहीत आणि नवख्याला हाकलून लावणे नाही. कायद्याला व व्यवस्थेला बाध येत नसेल तर कोणाच्याही कृतीला अटकाव करावयाचा नाही. ही तत्त्वे कोणा तत्त्वज्ञाने एकांतात बसून रचलेली नाहीत. एका दाराशी एकीला 'तू येऊ नकोस' असे म्हटले गेले, त्याचे हे उत्तर होते. संस्थेचा स्वभाव तिच्या जन्मप्रसंगी ठरतो असे आम्ही वर म्हटले, त्याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

तत्त्वाची कसोटी मात्र पुढे लागावयाची होती. बाजार वाढू लागला तशी जागा पुरेना. तोरानोमोनहून इताबाशी, तेथून ओता, पुढे कावासाकी, असे बिऱ्हाड हलत हलत १९८१ च्या अखेरीस ते टोकियो बंदरातील हारुमी येथील प्रदर्शनगृहात आले. ज्यांनी बदल्यांमागून बदल्या सोसल्या आहेत अशा आमच्या वाचकांना या भटकंतीचे मर्म सांगावयास नको. दरम्यान आनिमेची लाट उसळली होती. 'उचू सेन्कान यामातो' ही अंतराळातील युद्धनौकेची कथा १९७४ साली दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. १९७७ साली तिचा चित्रपट निघाला तेव्हा चित्रपटगृहांपुढे तरुणांच्या रांगा लागल्या. १९७९ साली 'गुंदामु' आली आणि तिचे चित्रपट १९८१ व १९८२ साली आले. या पटांचे हजारो चाहते बाजारात शिरले. कोणी आवडत्या पात्रांच्या नव्या कथा रचून विकू लागले, कोणी त्या पात्रांचा वेश करून हिंडू लागले.

संस्थापकांच्या मनात होते ते नवी चित्रकथा आणि नवी समीक्षा यांचे व्यासपीठ. बाजारात रुजले आणि फोफावले ते मात्र प्रामुख्याने विडंबन आणि अनुकरण. १९८० नंतरच्या दशकात 'कॅप्टन त्सुबासा' या फुटबॉलच्या कथेवर मुलींनी काढलेल्या दोजिन्शींचा जो पूर आला त्याने या प्रवृत्तीवर शिक्कामोर्तब झाले. हे पाहून संस्थापकांना दुःख झाले असते तर ते समजण्याजोगे होते. पण 'कोणालाही अटकाव नाही' हा शब्द एकदा दिल्यावर आपल्याला न रुचणाऱ्या वस्तूलाही जागा देणे प्राप्तच होते. त्यांनी ती दिली. संस्थापकाची अभिरुची आणि संस्थेचे तत्त्व यांत विरोध आला असता जी संस्था तत्त्वाच्या बाजूने उभी राहते, तीच संस्थापकाच्या पश्चात टिकते.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. १९८० च्या सुमारास हारादा बाजूला झाले आणि धुरा योनेझावा यांच्याकडे आली. त्यानंतर कार्यकर्त्यांत फूट पडून एका गटाने आपला निराळा बाजार मांडला. ज्यांनी महाराष्ट्र मंडळाची एखादी तरी निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. त्याहून गंभीर प्रसंग १९९१ साली आला. त्या सुमारास मेळावा चिबा प्रांतातील माकुहारी येथील नव्या प्रदर्शनगृहात भरत होता आणि उपस्थिती दोन लक्षांवर गेली होती. अश्लील दोजिन्शींच्या विक्रीवरून टोकियोत पोलिसांची कारवाई झाली, आणि माकुहारीच्या चालकांनी जागा देण्याचे नाकारले. मेळाव्याला पुन्हा हारुमीचा आसरा घ्यावा लागला. एकीच्या तोंडावर बंद झालेल्या दारातून जन्मलेल्या संस्थेच्या तोंडावरच दार बंद व्हावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. मुक्तद्वार ठेवावयाचे आणि कायदाही पाळावयाचा, ही तारेवरची कसरत तेव्हापासून अधिक दक्षतेने करावी लागली. १९९६ च्या उन्हाळ्यात मेळावा बिग साइटमध्ये आला आणि तेथे स्थिरावला.

आता प्रश्न असा की, हे सारे आपल्याला कळते कशावरून? सरकारी दफ्तरात ज्यांची हयात गेली त्या आमच्या वाचकांना हा प्रश्न सर्वांत जवळचा वाटेल. हौशी माणसांच्या संस्था बहुधा दफ्तर ठेवीत नाहीत. उत्सव संपला की मांडव उतरतो, हिशेबाची वही कोणाच्या तरी ट्रंकेत जाते, आणि वीस वर्षांनी तीच ट्रंक रद्दीवाल्याकडे. कोमिकेचे तसे झाले नाही, आणि यातच तिच्या दीर्घायुष्याचे दुसरे कारण आम्हांस दिसते.

या संस्थेच्या कागदपत्रांत पहिला मान सूचीचा. प्रत्येक मेळाव्याच्या वेळी कोणते मंडळ कोणत्या मेजावर आहे हे सांगणारी सूची निघते. आरंभी चोपडीएवढी असलेली ही सूची पुढे टेलिफोनच्या डिरेक्टरीहून जाड झाली. तिच्यात प्रत्येक मंडळाला टपालाच्या तिकिटासारखी एक लहानशी चौकट मिळते, आणि त्या चौकटीत काय काढावयाचे हे ते मंडळच ठरविते. म्हणजे ही केवळ नामावली नव्हे. हजारो मंडळांनी स्वहस्ते रेखाटलेली आपली ओळख होय. त्या त्या वर्षी तरुण जपानी मनाला कशाचे वेड होते, हे पाहण्यास इतके विश्वसनीय साधन दुसरे क्वचितच मिळेल. कारण इतिहासासाठी म्हणून ते कोणी रचलेले नाही.

दुसरा मान नमुनाप्रतींचा. मेजावर नवी दोजिन्शी मांडणाऱ्या प्रत्येक मंडळाने तिची एक प्रत व्यवस्थापक समितीला द्यावी असा नियम आहे. वर वर पाहता हा तपासणीचा नियम. कायद्याला बाधक असे काही नाही ना, हे पाहण्यापुरता. परंतु तपासणी झाली म्हणून प्रत फेकून दिली जात नाही, ती राखून ठेवली जाते. परिणामी ज्या अंकांच्या पन्नास-शंभरच प्रती निघाल्या आणि ज्यांच्या लेखिकांनी पुढे संसारात पडून लेखणी खाली ठेवली, त्यांची निदान एक प्रत तरी जगात उरली. बंदोबस्तासाठी केलेला नियम असा नकळत ग्रंथालयाचा पाया घालून गेला.

तिसरे साधन आठवणींचे. तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २००५ साली, संस्थेने आपल्या इतिहासाचा एक जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. पुढील वर्षीच, १ ऑक्टोबर २००६ रोजी, योनेझावा वारले. वय अवघे त्रेपन्न. अखेरच्या दिवसांत त्यांनी प्रमुखपद सोडले आणि कारभार तिघा सहकाऱ्यांनी संयुक्तपणे हाती घेतला. पाव शतकाहून अधिक काळ एका माणसाने धुरा वाहिली की जनमानसात तोच संस्थेचा एकमेव जनक ठरतो, आणि योनेझावा यांच्याविषयी तसे होऊही लागले होते. २००८ साली हारादा तेरुओ यांनी शिमोत्सुकी ताकानाका या आपल्या टोपणनावाने आरंभकाळाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. पहिल्या प्रमुखाची बाजू त्यामुळे नोंदली गेली. मेइक्यू हे एकट्यादुकट्याचे नव्हे तर मित्रांचे मंडळ होते, हेही त्यातून ठसले. घटनेनंतर तेहतीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणी कागदाशी ताडून पाहिल्या पाहिजेत, हे इतिहासाचे शिस्तीचे म्हणणे खरेच. तरीही कागद जे सांगू शकत नाहीत ते आठवणच सांगते. सूचीवरून मंडळे किती होती हे कळते; ती का आली होती हे कळण्यास त्या दिवशी तेथे असलेला माणूस लागतो.

चौथे साधन म्हणजे एक इमारत. योनेझावा यांनी जन्मभर जमविलेला चित्रकथा व तत्सम वाङ्मयाचा अफाट संग्रह मेइजी विद्यापीठाकडे गेला, आणि २००९ च्या ऑक्टोबरअखेर त्यांच्या नावाचे ग्रंथालय टोकियोत उघडले. कोमिकेच्या नमुनाप्रतीही तेथे ठराविक मुदतीपुरत्या वाचावयास मिळण्याची सोय झाली. ज्या विद्यापीठात तो तरुण कुमामोतोहून शिकावयास आला होता, त्याच विद्यापीठाने त्याच्या 'पोरकट' छंदाला विद्येच्या मंदिरात स्थान दिले.

या सर्व साधनांवरून आमचा निष्कर्ष असा. कोमिके वाढली ती केवळ चित्रकथेच्या लोकप्रियतेमुळे नव्हे. ती लोकप्रियता मांगा ताइकाइलाही उपलब्ध होती, पण ते संमेलन काही वर्षांतच थांबले. कोमिके वाढली ती यजमान आणि पाहुणा हा भेद तिने पहिल्याच दिवशी मोडून काढला म्हणून. जेथे येणारा प्रत्येक जण घरचा, तेथे काम करणाऱ्या हातांची वाण पडत नाही. आणि ती टिकली ती आपला कागद सांभाळला म्हणून. पिढी बदलली की नवे कार्यकर्ते येतात, त्यांना जुन्यांचे चेहरे ठाऊक नसतात. मूळ संकल्प त्यांच्यापर्यंत पोचवणारा दुवा म्हणजे जपून ठेवलेली चोपडी. आपल्या परप्रांतीच्या मंडळांनी आणि वाचनालयांनी पहिल्या सभेचे इतिवृत्त, पहिल्या वर्गणीदारांची यादी, पहिले हस्तलिखित कपाटात ठेवले आहे की नाही, हे एकदा पाहावे, असे सुचविण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. बदलीवर आलेला माणूस जातो. मंडळ राहते, आणि राहिलेल्या मंडळाला आपण कोण हे सांगणारे त्या कपाटाशिवाय कोणी नसते.

२०२० च्या मे महिन्यात भरावयाचा अठ्ठ्याण्णवावा मेळावा महामारीमुळे रद्द करावा लागला. तयारी पुष्कळ पुढे गेली होती, मेजांची वाटणी झाली होती, सूचीची जुळणी चालू होती. मेळावाच नाही म्हटल्यावर सूचीचा उपयोग काय, असा विचार व्यवहारी माणसाने केला असता. समितीने ती सूची तरीही छापली आणि विकली. आणि जो मेळावा कधी भरलाच नाही त्याची ती सूची लोकांनी विकत घेतली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये, दिवसाला पंचावन्न हजारांची मर्यादा घालून, मेळावा पुन्हा सुरू झाला, आणि २०२५ च्या डिसेंबरात तोरानोमोनच्या त्या रविवारला पन्नास वर्षे पूर्ण झाली. न भरलेल्या मेळाव्याच्या सूचीत हजारो मंडळांच्या चौकटी जशाच्या तशा आहेत. त्या दिवशी कोण कोण येणार होते, हे पुढच्या इतिहासकाराला तीवरून बिनचूक सांगता येईल.